गोळ्या, प्रसिद्धी आणि तीन मुली : ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’बद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एकाने विचारलं होतं की सुट्टीत गाडीत वाचायला एखादी जाडजूड, मसालेदार इंग्रजी कादंबरी सुचवा, तर मी जॅकलिन सुझान या अमेरिकन बाईंची १९६६ ची ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ सुचवली, दोन ओळीत, आणि मला वाटलं विषय संपला. कसला संपतोय! पत्रं आली, मेल आले, संपादकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक व्हॉइस मेसेज आले, त्यातल्या एकात तर काका चांगलेच तापलेत. म्हणून यावेळचं अख्खं सदर या एकाच पुस्तकाला. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी पहिली दोन उत्तरं वाचून थांबा, पुस्तक संपवा आणि मग पुढचं वाचा.

नाशिकहून एक विद्यार्थिनी : मी पन्नास पानं वाचली पण अजून काहीच घडत नाहीये, एक मुलगी ऑफिसात नोकरी करतेय फक्त. पुढे वाचू का सोडून देऊ? आणि थोडक्यात गोष्ट काय आहे?

सोडू नकोस गं. पन्नास पानं म्हणजे अजून पडदाच उघडलाय.

गोष्ट १९४५ ला सुरू होते, महायुद्ध नुकतंच संपलंय, आणि वीसेक वर्षं चालते. तू जिच्याबद्दल वाचतेयस ती अ‍ॅन वेल्स, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सव्हिल नावाच्या गावातून, जिथे सगळं ठरलेलं असतं, घर ठरलेलं, नवरा ठरलेला, चेहऱ्यावर भावना दाखवायच्या नाहीत हेही ठरलेलं, तिथून पळून न्यूयॉर्कला आलेली. नाटकसिनेमावाल्यांची कायद्याची कामं बघणाऱ्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून लागते. तिच्याच बिल्डिंगमध्ये राहते नीली ओहारा, सतरा वर्षांची, शाळा धड झालेली नाही, लहानपणापासून स्टेजवर नाचगाण्याचे छोटे कार्यक्रम करून पोट भरणारी, पण गळा असा की ऐकणारा जागेवरून हलणार नाही. आणि तिसरी जेनिफर नॉर्थ, दिसायला अशी की रस्त्यात लोक थांबून बघतात, गाणं येत नाही अभिनय येत नाही, आणि हे तिला स्वतःला पक्कं माहितेय.

या तिघी मोठ्या होतात, म्हणजे नावाने मोठ्या होतात. नीली ब्रॉडवेवरून हॉलिवूडला, जेनिफर आधी एका गायकाशी लग्न करून आणि मग युरोपात असल्या-तसल्या सिनेमांमधून, अ‍ॅन टीव्हीवर मेकअप कंपनीचा चेहरा म्हणून. आणि तिघींच्या पर्समध्ये हळूहळू गोळ्यांची बाटली येते. झोपायला एक, उठायला एक, बारीक व्हायला एक.

तू पुढे वाचत जा आणि हेलन लॉसन नावाच्या बाई आल्या की जरा सावरून बस. ब्रॉडवेची महाराणी, पन्नाशीकडे झुकलेली, तोंडाने फटकळ, आणि स्वतःच्या नाटकात दुसऱ्या कुणा मुलीला टाळ्या पडतायत असं दिसलं की त्या मुलीचं काम कापून कापून तिला नाटकच सोडायला लावणारी. गंमत बघ, त्या हाकललेल्या मुलीची रिकामी जागा नीलीला मिळते. नीलीची सगळी करिअर तिथून सुरू होते, दुसरीचा घास काढून घेतला त्यातून. हे लेखिका कुठेही समजावून सांगत बसत नाही, नुसतं घडवते, आणि नीलीला त्याचं काहीच वाटत नाही हेही दाखवते.

कोल्हापूरहून एक फार्मासिस्ट : त्या गोळ्या नक्की कुठल्या? आणि एवढ्या सहज मिळायच्या? आमच्याकडे तर आता अल्प्राझोलाम (मन शांत करणारी, झोपेची गोळी) द्यायची तरी रजिस्टर लिहावं लागतं.

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. पुस्तकातल्या बायका गोळ्यांना लाडाने ‘डॉल्स’ म्हणतात आणि रंगावरून ओळखतात. लाल म्हणजे सेकोनाल, पिवळी नेम्ब्युटाल, निळी अमायटाल. तिन्ही बार्बिट्युरेट जातीच्या, झोपेच्या. आणि हिरवी असते ती भूक मारायची, जागं ठेवायची, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइनवाली.

तुम्हाला सांगायला नको पण बाकी वाचकांसाठी लिहिते. बार्बिट्युरेट हे औषध १९०३ पासूनचं, जर्मनीत निघालं, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं झोप येत नाही म्हटलं की डॉक्टर हेच लिहून द्यायचे कारण दुसरं फारसं काही नव्हतंच. त्याचा धोका असा की झोप आणणारा डोस आणि श्वास थांबवणारा डोस यात अंतर फार थोडं. शरीराला सवय होते, मग एका गोळीने झोप येत नाही, दोन लागतात, तीन लागतात, पण श्वास बंद पडायची जी मर्यादा आहे ती काही त्या प्रमाणात वर सरकत नाही. म्हणजे माणूस रोज थोडा थोडा कड्याच्या टोकाकडे सरकत असतो आणि त्याला वाटतं आपल्याला औषध पचायला लागलंय. त्यात दारू पोटात गेली की संपलंच. नीली गोळ्यांवर स्कॉच घेते, लवकर लागू पडते म्हणून, आणि ते वाचताना तुमच्यासारख्या माणसाला घाम फुटेल.

दुसरी बाजू सकाळची. बार्बिट्युरेटचा अंमल सकाळीही उतरत नाही, डोकं जड, आणि सेटवर तर पहाटे मेकअपला बसायचंय. मग हिरवी गोळी. ती घेतली की अंगात वारं भरतं, भूक जाते, वजन उतरतं, स्टुडिओ खूश. पण रात्री झोप येत नाही. मग परत लाल. अमेरिकेत तर १९५० नंतर डेक्सामिल नावाची गोळीच बाजारात होती, जागं ठेवणारं आणि शांत करणारं, दोन्ही औषधं एकाच गोळीत, आणि ती वजन कमी करायला, मन उदास आहे म्हणून, बायकांना सर्रास दिली जायची.

सहज मिळायच्या का? चिठ्ठी लागायची. १९५१ च्या कायद्याने अमेरिकेत असल्या औषधांना प्रिस्क्रिप्शन सक्तीचं झालं. पण चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर मिळणं काय अवघड होतं, तेही पैसे आणि नाव असलेल्या बाईला! पुस्तकातल्या बायका एका डॉक्टरने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जातात. १९६५ मध्ये या दोन्ही जातींच्या औषधांवर वेगळा कायदा आला आणि १९७० च्या कायद्याने आणखी आवळलं, म्हणजे ही कादंबरी बाहेर पडली तेव्हा सरकार नुकतंच जागं होत होतं. तुमचं शेड्यूल एच-वन, म्हणजे जपून विकायच्या औषधांची ती सरकारी यादी, आणि तीन वर्षं जपायचं ते रजिस्टर, लाल अक्षरातलं आरएक्स, या सगळ्या कटकटीमागे अशाच गोष्टी आहेत बघा, तुम्हाला ते लिहायचा कंटाळा येत असणार हे मान्य करूनही सांगते.

मुलुंडहून एक वाचक : नीली म्हणजे ज्युडी गारलंड हे खरं का?

लेखिका आयुष्यभर नाही म्हणाली आणि वाचक आयुष्यभर हो म्हणाले.

गारलंडबाईंचा जन्म १९२२ चा, लहानपणापासून बहिणींबरोबर स्टेजवर, तेराव्या वर्षी म्हणजे १९३५ ला एमजीएम स्टुडिओशी करार, आणि त्यांनीच पुढे सांगितलंय की स्टुडिओत आम्हाला उभं ठेवायला गोळ्या द्यायचे आणि मग झोपवायला दुसऱ्या द्यायचे, काही तास झोपलो की परत उठवून कामाला. १९५० मध्ये एमजीएमने त्यांना सोडलं. नीलीचा गळा, तिचं वजन, शूटिंगला न येणं, सगळं संपलं म्हणताना परत उभं राहणं, हे सगळं जुळतं.

आणि यापुढचं तर कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने काटलं असतं. १९६७ मध्ये या पुस्तकावर सिनेमा काढायला घेतला तेव्हा हेलन लॉसनच्या रोलसाठी घेतलं कोणाला? ज्युडी गारलंडना. म्हणजे तरुणपणीचं त्यांचं रूप पडद्यावर दुसरी मुलगी करणार आणि म्हातारी होत चाललेली, जागा जाणारी नटी त्या स्वतः करणार. थोड्याच दिवसांत त्यांना काढून टाकलं आणि सुझन हेवर्डना घेतलं. सिनेमासाठी शिवलेला टिकल्यांचा चमचमता सूट मात्र गारलंडबाई घेऊन गेल्या आणि नंतर स्वतःच्या कार्यक्रमांत घालून गायल्या. मला ते फार आवडतं. दोन वर्षांनी, जून १९६९ मध्ये, लंडनमध्ये त्या गेल्या, वय ४७, कारण बार्बिट्युरेटचा चुकून झालेला जास्त डोस.

हेलन लॉसनमध्ये लोकांना एथेल मर्मन दिसल्या, ब्रॉडवेच्या खऱ्या सम्राज्ञी, आणि त्यांची नि सुझानबाईंची एकेकाळी मैत्री होती, ती तुटली होती, त्यामुळे हिशेब चुकता केला असं बोललं गेलं. जेनिफरमध्ये कोणाला मेरिलिन मन्रो दिसते, ती १९६२ मध्ये गेली, नेम्ब्युटाल आणि दुसरं एक झोपेचं औषध, कोणाला कॅरोल लँडिस दिसते, ती १९४८ मध्ये सेकोनालने. माझं म्हणाल तर मुद्दा असा की इतक्या खऱ्या बायका एका पात्रात बसतात यातच काय ते आलं.

सातारा, नाव नको : इंग्रजी फार अवघड आहे का?

अजिबात नाही. नववी-दहावीचं इंग्रजी पुरेल. शिव्या मात्र शाळेत शिकवलेल्या नसतील.

पुण्याहून एक ज्येष्ठ वाचक (हेच ते तापलेले काका) : तुमच्या सदराकडून ही अपेक्षा नव्हती. हे पुस्तक म्हणजे कचरा आहे. भाषा नाही, शैली नाही, नुसतं कोण कोणाबरोबर झोपलं. असल्या पुस्तकाला जागा का?

काका, भाषेबद्दल तुमच्याशी भांडायला मी येणारच नाही. वाक्यं धोपटमार्गी आहेत, पात्रं मनातलं सगळं बोलून दाखवतात, पुरुष तर बहुतेक सगळे एकाच साच्यातले. तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. ग्लोरिया स्टायनम, पुढे स्त्रीवादी चळवळीत मोठं नाव झालेल्या, यांनी परीक्षणात झोडपून काढलं होतं. खुद्द प्रकाशकाच्या संपादकाला पुस्तक आवडलं नव्हतं. आणि तरी न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत ते २८ आठवडे एक नंबरला होतं, ६५ आठवडे यादीत होतं, आणि आजवर तीन कोटींच्या वर प्रती खपल्यात.

खप म्हणजे दर्जा असं मी म्हणत नाहीये, तसं असतं तर पंचांगाला साहित्य अकादमी मिळाली असती. पण काका, यात एक गोष्ट अशी आहे की जी मला चांगल्या चांगल्या कादंबऱ्यांत सापडलेली नाही, ती म्हणजे कामाचे तास. प्रसिद्ध बाईचा दिवस कसा जातो, किती वाजता उठते, किती तास उभी असते, कपडे बसावेत म्हणून जेवायचं सोडते ते कितव्या दिवसापासून, आणि हे सगळं करून रात्री अकराला अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे का राहतात. गोळ्यांचं व्यसन या बायकांना मजा म्हणून लागत नाही, ड्युटी म्हणून लागतं. जेनिफरला तर बारीक व्हायला स्वित्झर्लंडला पाठवतात, तिथल्या दवाखान्यात तिला औषध देऊन दिवसच्या दिवस झोपवून ठेवतात, झोपलेला माणूस जेवत नाही म्हणून! तिला पाठवणारा असतो तिचा डायरेक्टर. सिनेमाचा कच्चा माल दुरुस्तीला पाठवला इतक्या थंडपणे. हे पान लिहायला शैली नसली तरी चालतं असं माझं मत आहे.

आणि लेखिका स्वतः काय चीज होती तेही ऐका. जन्म १९१८, फिलाडेल्फिया, वडील पोर्ट्रेट काढणारे चित्रकार. ही न्यूयॉर्कला आली नटी व्हायला, ब्रॉडवेवर छोटी छोटी कामं मिळाली, टीव्हीवर जाहिराती केल्या, स्टार काही झाली नाही. म्हणजे नीलीच्या, हेलनच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं बघितलेलं आहे तिने. वेगवेगळ्या रंगांच्या कागदावर पुस्तकाचे खर्डे टाइप करायची, एक खर्डा एका रंगाचा. आणि पुस्तक आल्यावर नवरा आयर्व्हिंग मॅन्सफिल्ड, जो मुळात प्रसिद्धीच्याच धंद्यातला, आणि ही, दोघं गावोगाव दुकानं हिंडले. दुकानातल्या पोरांची नावं, वाढदिवस लिहून ठेवायची. पहाटे गोदामावर जाऊन पुस्तकं ट्रकमध्ये चढवणाऱ्या ड्रायव्हर लोकांना कॉफी आणि डोनट वाटायची, का तर ते गठ्ठे कुठल्या रॅकवर पुढे लागणार हे त्यांच्या हातात. तोवर लेखकाने लिहावं आणि घरी बसावं अशी रीत होती. आज आपल्याकडेही लेखक रील करतात, स्टॉलवर उभे राहून सेल्फी देतात, त्याला नावं ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण सुरुवात करणाऱ्यांत या बाई होत्या. पुढची दोन पुस्तकं, १९६९ आणि १९७३ ची, तीही टाइम्सच्या यादीत एक नंबरला गेली. लागोपाठ तीन कादंबऱ्या एक नंबरला, हे त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरहून एक शिक्षिका : मला पुस्तक आवडलं पण राग पण आला. महत्त्वाकांक्षी बाई दिसली की लेखिका तिला शिक्षाच करते. शेवटी एकीलाही सुख नाही. मग हे जुनंच सांगणं झालं ना, की बाईने घरी बसावं?

(इथून शेवट उघड होतोय, परत एकदा बजावते.)

मॅडम, राग रास्त आहे, पण मला जरा वेगळं दिसलं. घरी बसलेल्या बायका तरी या पुस्तकात सुखी कुठेत? अ‍ॅनची आई बघा, गावातलं ते कोरडं घर बघा. तिथे गोळ्या नाहीत पण जीवही नाही. लेखिका घर आणि करिअर दोन्ही उघडी पाडते आणि तिसरा रस्ता तिच्याकडे नाहीये, १९६६ मध्ये फार कमी जणींकडे होता.

अ‍ॅनचंच घ्या. ती तिघींतली सगळ्यात शहाणी, पैसा तिच्याकडेच टिकतो. लायन बर्कवर तिचा जीव, तो न्यूयॉर्कमध्ये राहावा म्हणून ती गुपचूप स्वतःचे पैसे दुसऱ्यामार्फत फिरवते आणि त्याला कंपनीत भागीदारी मिळवून देते. त्याला हे कळतं. आणि त्या क्षणापासून तो तिला माफ करत नाही. बायकोच्या पैशावर उभा राहिलेला पुरुष तिचा सूड कसा घेतो, तर बाहेर भानगडी करून, त्यातली एक खुद्द नीलीशी. ही काय महत्त्वाकांक्षेची शिक्षा झाली? मला तर ही नवऱ्याच्या अहंकाराची किंमत वाटते, आणि भरते अ‍ॅन. असली घरं तुमच्या ओळखीत नाहीत असं म्हणू नका, माझ्या तर आहेत.

जेनिफरचं प्रकरण मात्र वाचवत नाही. तिला स्तनाचा कॅन्सर निघतो. ज्या सिनेटरशी तिचं लग्न ठरलंय तो ऑपरेशनआधी भेटायला येतो, त्याला वाटतंय साधंसुधं काहीतरी ऑपरेशन आहे, मूल होणार नाही इतकंच, आणि तो मोठ्या प्रेमाने तिला सांगतो की मला मुलं नकोत, मला तू हवीस, आणि मग तिच्या छातीवर हात ठेवून बोलतो की माझी बाळं हीच. तो वाईट माणूस नाहीये हो, हेच तर आहे. ती त्याला काहीच सांगत नाही. त्यानंतर गोळ्या.

आता हे धरा : सुझानबाईंना स्वतःला १९६२ च्या शेवटी स्तनाचा कॅन्सर निघाला होता, स्तन काढला होता, आणि त्यानंतर त्यांनी ही कादंबरी लिहिली. जगाला सांगितलं नाही. टीव्हीवर जाऊन हसत होत्या, दुकानं हिंडत होत्या, ट्रकवाल्यांना डोनट देत होत्या, आणि वाचकांना पत्ता नव्हता. १९७४ मध्ये त्या गेल्या, ५६ वर्षांच्या होत्या. त्यामुळे जेनिफरला लेखिकेने शिक्षा केली हे मला पटत नाही. तो प्रसंग लिहिताना त्यांना बाहेरून काही कल्पना करावी लागली नसणार.

जिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे ते सांगते. समलिंगी पुरुषांबद्दल जे काही लिहिलंय ते आज वाचताना तोंड कडू होतं. आणि बायका बायकांच्या बाबतीत इतक्या निष्ठुर की विचारू नका, तो विगचा प्रसंग आठवा, बायकांच्या स्वच्छतागृहात नीली हेलनच्या डोक्यावरचा विग ओढून काढते आणि संडासात टाकून पाणी सोडते. हसू येतं, आणि मग विग नसलेली ती बाई तिथून बाहेर कशी पडणार हा विचार येतो.

ठाण्याहून एक वाचक : आपल्याकडे मराठीत असं काही आहे का?

कादंबरी सोडा, खरंखुरं आहे. हंसा वाडकर, ‘सांगत्ये ऐका’. १९५९ ला त्याच नावाचा त्यांचा सिनेमा पुण्यात विजयानंद थिएटरला शंभराच्या वर आठवडे चालला होता, आणि तेच नाव त्यांच्या आत्मकथनाला दिलं. अरुण साधूंनी ऐकून शब्दांकन केलेलं, आधी ‘माणूस’ साप्ताहिकातून येत होतं, पुस्तक १९७० चं, आणि पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या.

तिथे गोळ्या नाहीत, दारू आहे. पण बाकीचं ताडून बघा. घर चालत नाही म्हणून पोर वयात सिनेमात घातलेली मुलगी, जिच्या कमाईवर सगळे जगतात आणि जिला नावंही तेच ठेवतात. इकडे जेनिफरची आई, मुलगी काय करते ते मान्य नाही पण पैशासाठी पत्रं येणं थांबत नाही. न्यूयॉर्क आणि मुंबई, काय फरक सांगा. फरक हा की हंसाबाई स्वतःच्या तोंडाने बोलतात, काही लपवत नाहीत, स्वतःची बाजूही घेत नाहीत, आणि भाषा अशी की तापलेल्या काकांनाही तक्रार राहणार नाही. त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील. तोही बघा.

नाव-गाव नको : कादंबरी वाचून झाल्यापासून मला आईचं टेन्शन आलंय. ती बरीच वर्षं झोपेची अर्धी गोळी घेते, बाबा गेल्यानंतर डॉक्टरांनी लिहून दिली होती, आता ती जुनीच चिठ्ठी दाखवून आणते. स्ट्रिप लपवून ठेवू का?

नको. हे सगळ्यात आधी, लपवू नका, फेकू नका, ‘आजपासून बंद’ म्हणू नका. बरीच वर्षं रोज घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, घाबरल्यासारखं होतं, काहींना फिटसुद्धा येते. डोस डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू, कधी कधी काही महिने लावून, उतरवतात.

घाबरण्याआधी हेही लक्षात घ्या की आईची गोळी बहुधा पुस्तकातली गोळी नाही. बार्बिट्युरेट आता झोपेसाठी कोणी देत नाही, फिटच्या आजारासाठी फेनोबार्बिटोन अजून देतात. १९६० नंतर जी नवी औषधं आली, डायझेपाम आणि त्याची भावंडं, ती एकटी घेतली तर श्वास थांबवण्याच्या बाबतीत बरीच सौम्य आहेत. पण सवय त्यांचीही लागते, आणि उतारवयात रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडणं, दिवसा विसरायला होणं, हे त्रास होतात. आणि दारू किंवा दुसऱ्या गुंगीच्या औषधाबरोबर तर ती पण धोक्याचीच.

तर असं करा, स्ट्रिपचा फोटो काढा, किती घेते किती वाजता घेते ते तिलाच विचारून लिहा, बाकी बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्या तेही लिहा, आणि तिला घेऊन फॅमिली डॉक्टरकडे किंवा सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘आई तू व्यसनी झालीस’ अशी सुरुवात करू नका हो, ती औषध म्हणूनच घेतेय, कुणीतरी लिहून दिलं आणि परत तपासायला बोलावलं नाही इतकंच. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि कोणाच्या घरात खरंच प्रकरण हाताबाहेर गेलेलं असेल, गोळ्या असोत की दारू, तर पुण्याचं मुक्तांगण आहेच, १९८६ पासून हेच काम चाललंय तिथे.

आणि बाबांबद्दल तिच्याशी कोणी बोलतं का घरात? गोळी तिथून सुरू झालीये ना, म्हणून विचारलं.

डोंबिवलीहून दोघी मैत्रिणी : सिनेमा आधी बघावा का पुस्तक आधी वाचावं?

पुस्तक आधी. १९६७ च्या सिनेमात गोष्ट वीस वर्षांवरून काही वर्षांत आवळलीये, आणि शेवट बदललाय. पुस्तकात अ‍ॅन नवऱ्याला सोडत नाही, नव्या वर्षाची पार्टी घरात चालू असते, नवरा आता पुढच्या पोरीच्या मागे आहे हे तिला दिसतं, आणि ती जाऊन लाल गोळी घेते, बस्स. सिनेमात ती त्याला नकार देऊन गावी परत जाते, बर्फात फिरायला वगैरे. ज्या गावातून पळून ती न्यूयॉर्कला आली होती तिथेच! लेखिकेला सिनेमा आवडला नव्हता, समीक्षकांनी तर फाडून खाल्ला, लोकांनी मात्र रांगा लावल्या.

तरी बघा नंतर. पॅटी ड्यूकची नीली इतकी वरच्या पट्टीत आहे की मैत्रिणींबरोबर बघायला धमाल येते, डिऑन वॉरविकचं टायटल साँग छान आहे, आणि संगीताची जुळवणी ज्या जॉन विल्यम्सनी केली त्यांना पहिलं ऑस्कर नामांकन यासाठीच मिळालं होतं, पुढे ‘स्टार वॉर्स’ला संगीत देणारे तेच. जेनिफर झालेली शॅरन टेट मात्र बघवत नाही, दीड-पावणेदोन वर्षांत, ऑगस्ट १९६९ मध्ये, तिचा खून झाला हे माहीत असल्यावर. पण तिघींत खरा संयमाने अभिनय केलाय तो तिनेच असं माझं मत.

आणि ओटीटीवर शोधताना नीट बघून लावा, कारण १९७० चा ‘बियॉन्ड द व्हॅली ऑफ द डॉल्स’ नावाचा अजून एक सिनेमा आहे, त्यात ना अ‍ॅन आहे ना नीली, सुझानबाईंकडून त्यावर कोर्टकचेरीही झाली होती. घरच्यांसमोर चुकून तो लावू नका म्हणजे झालं.